फोनवरचा दुसरा माणूस

तोंडात खिळे असले की मी गप्प असते. सोफ्याच्या चौकटीवर कापड ताणायचं म्हणजे एक हात कापडावर, एक हातोडीवर, मग बारीक खिळे ठेवायला तोंडाशिवाय जागा कुठे उरते? घरचे म्हणतात, ही बाई तेवढाच वेळ शांत असते. खोटं कशाला बोलू, आहेच तसं. पण गेल्या वर्षी खिळे तोंडात असतानाही मी बडबडत होते आणि एकदा तर एक गिळता गिळता राहिला. कारण घरपट्टीचं नवं बिल आलं होतं.

बिल असं की जुनं शेजारी ठेवलं तर ते याचं नातवंड वाटावं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग शेजारच्या बेकरीवाल्याकडे गेले, तर तो स्वतःचं बिल हातात धरून दारातच उभा. अख्ख्या गल्लीची तीच गत झाली होती. पण बेकरीवाल्याला कमावती मुलं आहेत. माझं म्हणजे पुढच्या खोलीत कारखाना, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि या सगळ्याला मिळून मी एकटी. नवरा गेल्यापासून सोफे-खुर्च्यांच्या कामावर माझं आणि या घराचं नीट चाललं होतं. हे बिल कायम राहिलं असतं तर घर विकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मुलगी म्हणाली, आई, माझ्याकडे ये, एक खोली रिकामीच आहे. ती खोली मी बघितलेली. तिच्यात मी मावते, माझं मशीन मावत नाही. आणि मशीनशिवायची मी म्हणजे कोण, हे मला या वयात शोधत बसायचं नव्हतं.

बरं, हे सगळं कुणामुळे? तर माझ्या सख्ख्या थोरल्या भावामुळे.

माझ्या घराच्या बरोब्बर समोर आमच्या आई-वडिलांचं घर. माझ्या सासर-माहेरात फक्त एक रस्ता. नवऱ्याशी भांडून माहेरी जायला निघायचे, पण रस्ता ओलांडेपर्यंत राग उतरायचा आणि तिथून साखर मागून परत यायचे. पुढे वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, तिला चोवीस तास माणसं लागायला लागली. दादानं ठरवलं की घर विकायचं आणि आईला चांगल्या शुश्रूषागृहात ठेवायचं. दादाचं चष्म्याचं दुकान. ठरवणं हे त्याचं लहानपणापासूनचं खातं. धाकट्या भावानं, बारक्यानं, मुकाट्यानं सही केली. बारक्या म्हणजे आता दारातून आत येताना वाकावं लागणारा, केस पांढरे झालेला, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस, पण नाव पडलं ते पडलं. सही माझीही होती. घर एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं.

आईची शुश्रूषा चांगली झाली, त्यात काही खोट नव्हती. फक्त ती प्रत्येकाला एकच विचारायची, घरी कधी जायचं. आम्ही तिघंही म्हणायचो, लवकरच.

ती गेली त्या दिवशी बारक्या दादाला म्हणाला, तू आईचं घर विकलंस. दादा म्हणाला, सही तुझीही आहे. बस, एवढंच झालं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मला मात्र कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे मला भांडायच्या लायकीचीसुद्धा धरली नाही. मी आपली मध्ये उभी. दादाचा निरोप बारक्याला, बारक्याचा दादाला, आणि दोन्हीकडून बोलणी मला.

मग दातवाल्यानं दवाखाना बंद करून समुद्रकाठी राहायला जायचं ठरवलं आणि घर लिलावात काढलं. लिलाव त्याच्याच हॉलमध्ये झाला. मी गेले होते, न जाऊन सांगते कुणाला? हॉलमध्ये एक तरुण जोडपं बोली लावत होतं, बायको पोटुशी होती. आणि लिलाववाल्यांकडे कामाला असलेल्या दोन मुली कानाला फोन लावून उभ्या होत्या, कारण दोन गिऱ्हाइकं फोनवर होती. फोनवरच्यांची नावं लिलाववाले सांगत नाहीत, ती त्यांची पद्धत. जोडपं बऱ्यापैकी वर गेलं, मग नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं आणि हात खाली केला. मला वाटलं संपलं. पण दोन फोन थांबायलाच तयार नाहीत. ही मुलगी मान हलवते, ती मुलगी मान हलवते, भाव चढतोय, हॉलमधली माणसं आ वासून बघतायत. शेवटी एका फोननं दम सोडला. दातवाल्यानं जाता जाता गल्लीचे सगळे दात उपटून नेले, असं बेकरीवाला नंतर म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

संध्याकाळी दादा माझ्या दारात उभा, हातात किल्ली. मला ताकास तूर लागू दिली नव्हती यानं. राहती जागा विकून आणि वर दुकान गहाण टाकून यानं आईचं घर परत घेतलं होतं. मी विचारलं, अरे पण एवढं? तर म्हणाला, समोर बिल्डर होता, घर पाडायला टपलेला, मी सोडलं असतं तर उद्या इथे काचेची इमारत दिसली असती. बिल्डर होता हे तुला कुणी सांगितलं, म्हटलं. म्हणाला, एवढा पैसा दुसरं कोण लावतं?

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण मी रडले. दोघं मिळून समोर गेलो. आईच्या खोलीत दातवाल्याची खुर्ची बसवलेली होती तिथे जमिनीत चार भोकं राहिली होती.

हे सगळं गोड वाटलं ते बिल येईपर्यंत. आमच्याकडे घराचं सरकारी मोल ठरतं ते असं: गल्लीत शेवटची जी खुली विक्री झाली, तिच्यावरून सगळ्या गल्लीचं मोल. तेव्हा दादानं आईसाठी मोजलेला भाव माझ्या डोक्यावर येऊन बसला, बेकरीवाल्याच्या डोक्यावर बसला, कोपऱ्यावर बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या आंधळ्याच्या डोक्यावर बसला. लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत. पण मी पाव आणायला गेले की दुकानातलं बोलणं थांबायचं.

मी तक्रार केली. मग मूल्यांकन खात्याचा अधिकारी माझं घर मोजायला आला. बिचारा सज्जन माणूस होता. हातात टेप, म्हणून मी त्याचं नाव टेपवाला ठेवलं. मी नको नको म्हणत असताना तो दुरुस्तीला आलेल्या खुर्चीत बसला आणि स्प्रिंग टोचली तरी बिचारा तसाच अवघडून बसून राहिला. त्यानं मला नियम समजावून सांगितला. घेणाऱ्याचं काही विशेष कारण असेल, म्हणजे नात्यातलं घर वगैरे, तर तो भाव धरत नाहीत. मी म्हटलं, मग झालं की, आईचं घर, याहून विशेष काय असतं?

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या भावाचं मला पटतं, बाई," तो म्हणाला. "पण भाव एकटा माणूस वाढवत नाही. दुसऱ्या फोनवर कुणीतरी होतं, आणि ते जवळजवळ तेवढेच द्यायला तयार होतं. त्याचं काय कारण होतं? त्याचं कारण माहीत नाही, म्हणजे तो बाजार."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि मनातल्या मनात त्या फोनवाल्याला पहिली शिवी दिली.

त्याच सुमारास संसदेची वित्त समिती घरपट्टी आणि मूल्यांकनाच्या धोरणाची चौकशी करत होती. तक्रारी सगळ्या गावांतून आल्या होत्या, पण एका विक्रीनं अख्खी गल्ली वर उचलल्याचा नमुना म्हणून त्यांनी आमची गल्ली निवडली. मला साक्षीला बोलावलं, दादाला बोलावलं, टेपवाल्याला बोलावलं. मी दादाला बसवून घोकून घेतलं. एकच वाक्य होतं त्याचं: ते माझ्या आईचं घर आहे म्हणून मी घेतलं, नाहीतर एवढा भाव दिला नसता. एवढं म्हण, म्हटलं, बाकी मी बघते. हो म्हणाला.

संसद लांब, म्हणून मी बारक्याला गाडी काढायला सांगितली. दादा आगगाडीनं गेला, कारण त्या गाडीत तो बसणार नाही हे सांगायचीही गरज नव्हती. बारक्याची शिकवणीची गाडी, छपरावर पाटी, आणि माझ्या पायाशी शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक. वाटभर मी त्या दुसऱ्या फोनवाल्याचा उद्धार केला. म्हटलं, मुडदा बसवला त्याचा, कोण मेला होता कुणास ठाऊक, नसतं त्यानं नाक खुपसलं तर दादाला घर अर्ध्या भावात मिळालं असतं आणि मला रात्री झोप लागली असती. त्याच्या गाडीची चाकं पंक्चर होवोत, म्हटलं, चारही. बारक्या म्हणजे रोज नवशिक्यांना वळणं शिकवणारा माणूस, पण त्या दिवशी वळण चुकला आणि आम्ही बराच फेरा मारून परत आलो. मी चिडून जादा ब्रेकवर पाय ठेवला तर गाडी गचकन थांबली, मागचा भोंगे वाजवायला लागला. तेव्हाही तो मला रागावला नाही. फक्त विचारलं, "ताई, तो दुसरा माणूस सापडला तर तुझं घर वाचेल?" म्हटलं, सापडला आणि शहाणा असला तर. मग मी पुन्हा शिव्या द्यायला लागले.

समितीची खोली उंच छताची. घोड्याच्या नालासारखं टेबल, त्याभोवती खासदार, प्रत्येकासमोर माईक, बोलताना त्यावर लाल दिवा लागतो. मध्ये साक्षीदारांचं छोटं टेबल. मागे लोकांसाठी बाकं. माझं लक्ष आधी खुर्च्यांकडे गेलं, सवयीचा भाग आहे. चामडं महागाचं पण शिवण उसवलेली आणि आतला भुसा एका बाजूला सरकलेला. देशाचा कारभार असल्या खुर्च्यांवर बसून चालतो हे मला आधी माहीत असतं तर मी एवढी घाबरले नसते. अध्यक्षबाईंना सर्दी झाली होती. त्या गोळ्या चघळत, नाक पुसत, पण प्रश्न विचारताना एकदम नेमक्या. बारक्याला मी मागच्या बाकावर अगदी कोपऱ्यात बसवलं, की दादाच्या नजरेला पडू नये.

माझी साक्ष झाली. मी घराचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, मुलीच्या खोलीचंही सांगितलं. एका खासदारानं विचारलं, की घराचं मोल वाढलं तर तुम्ही श्रीमंतच झालात ना? मी म्हटलं, साहेब, घर विकलं तर श्रीमंत, राहिले तर कंगाल, ही कसली श्रीमंती? खोलीत थोडं हसू झालं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

मग दादा. तो टेबलाशी बसला, कोट नीट केला, मागे खुर्चीला काठी अडकवायला वळला, आणि त्याला बारक्या दिसला.

अध्यक्षबाईंनी विचारलं की त्या पैशात याहून मोठं घर मिळालं असतं, तर हेच का घेतलं. मी मनातल्या मनात त्याच्या वाक्याचा पहिला शब्द उच्चारला. दादानं कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, "घर चांगलं आहे. भिंती जाड आहेत. उजेड येतो. ते त्या किमतीचंच आहे."

अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं, काही घरगुती कारण? नाही, म्हणाला दादा, व्यवहार म्हणून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी मला कळतही होतं की तो असं का बोलला. आईसाठी घेतलं म्हणायचं, म्हणजे तेव्हा विकलं ते चुकलं म्हणायचं, आणि तेही बारक्यासमोर. बारक्यासमोर हरण्यापेक्षा त्यानं माझं घर घालवलं. चूक माझीच, या दोघांना एका खोलीत आणायलाच नको होतं. त्या क्षणी माझ्या तोंडात खिळे असते तर मी ते चावून खाल्ले असते.

टेपवाल्याला बोलावलं. त्यानं नियम सांगितला, मला सांगितला होता तसाच. घेणाऱ्यानं विशेष कारण नाही असं स्वतःच सांगितलंय. आणि ते असतं तरी दुसऱ्या फोनवर कुणीतरी होतं, त्याचं कारण आम्हाला माहीत नाही, तेव्हा ही विक्री खुली धरावी लागते. बोलताना त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी कागद एकावर एक ठेवले. म्हणाल्या, मग या गल्लीपुरतं खात्याचं म्हणणं मान्य करण्यावाचून समितीपुढे काही नाही.  मी मशीन कुणाला विकायचं याचा विचार करायला लागले, खरंच सांगते, तिथे बसल्या बसल्या.

मागे बाक करकरलं. बारक्या उभा राहिला होता. गाडी थांबवताना हात दाखवतात तसा त्यानं हात बाहेर काढला होता, सवयीनं. शिपाई त्याच्याकडे धावला, कारण लोकांनी मागून बोलायचं नसतं. बारक्या बोललाच.

"दुसऱ्या फोनवर मी होतो," तो म्हणाला.

 अध्यक्षबाईंनी शिपायाला थांबवलं, त्याचं नाव विचारलं, नातं विचारलं. नातं ऐकल्यावर त्यांनी तोंडातली गोळी काढून कागदात गुंडाळली. मग त्याला शपथ दिली आणि साक्षीदारांच्या टेबलाशी बसवलं. तिथे खुर्ची एकच मोकळी होती, दादाशेजारची, आणि माईकही दोघांत मिळून एकच होता.

 वाटभर त्याच्या चार चाकांना दिलेले शाप मला एकेक करून आठवत होते.

अध्यक्षबाई विचारत गेल्या, बारक्या सांगत गेला. त्यानं शाळा, गाड्या, सगळं बँकेकडे तारण ठेवलं होतं आणि बँकेनं थांबवलं तिथे तो थांबला होता. समोर कोण आहे असं वाटलं? म्हणाला, बिल्डर. यावर खोलीत एकदम हशा पिकला, कारण वर्तमानपत्रांत दादाचं बिल्डरचं म्हणणं छापून आलं होतं. मलाही हसू आलं आणि डोळेही भरले. आमचं खानदानच असलं. एकाला चष्म्याचं दुकान असून दिसत नाही, दुसऱ्याला ब्रेकची शाळा असून थांबता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, घर कशाला हवं होतं.

बारक्या माईककडे वाकला. "आई विचारायची, घरी कधी जायचं. मी म्हणायचो, लवकरच."

"पण लिलावाच्या वेळी तुमच्या आई हयात नव्हत्या," अध्यक्षबाई म्हणाल्या, अगदी हळू.

"नव्हती. पण मी कबूल केलं होतं ना."

दादा समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. अध्यक्षबाईंनी नाक पुसलं, आणि ते सर्दीमुळे होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला: दुसऱ्या फोनवर तुमचा भाऊ आहे हे कळलं असतं, तर तुम्ही कुठपर्यंत गेला असता?

"कुठपर्यंत काय? फोन ठेवला असता. त्यालाच घेऊ दिलं असतं."

अध्यक्षबाईंनी मान दादाकडे वळवली.  दादानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माईक जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तो बारक्यापुढे होता. बारक्यानं सरकवून दिला.

"मला मघाचं उत्तर बदलायचंय," दादा म्हणाला. "ते आईचं घर होतं. मी विकलं, ते चुकलं. तिकडे हा आहे कळलं असतं तर मीही फोन ठेवला असता."

"दोघांनीही फोन ठेवला असता, तर घर कुणाला गेलं असतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

आणि उत्तर कुणी दिलं, तर टेपवाल्यानं. न विचारता उठून उभा राहिला. म्हणाला, एक तरुण जोडपं होतं हॉलमध्ये. त्यांनी हात खाली केला तो भाव खात्याकडे आहे. बाजारभाव म्हणायचा तर तोच. दोन मुलांनी मिळून जो वर चढवला तो बाजार नव्हता, आणि खात्याच्या नियमात असं काही घडू शकतं याचा विचार केलेला नाही, हे मी मान्य करतो. बोलला आणि खाली बसला. त्या दिवसापासून मी त्याला टेपवाला म्हणत नाही. त्याच्या घरचा सोफा मी फुकट करून दिला असता, पण म्हणे सरकारी माणसाला तसं घेता येत नाही.

परत येताना दादानं आगगाडीचं तिकीट खिशातच ठेवलं. बारक्यानं मागचं दार उघडलं, तर तो पुढे बसला. मग मला मागे बसावं लागलं, सगळ्या वाटेत माझ्याशी कुणी बोललं नाही. फक्त एका वळणावर दादाचा पाय जादा ब्रेकवर पडला. गाडी गचकली. बारक्या म्हणाला, "तो माझा असतो, दादा." दादा म्हणाला, "मग हळू चालव." इतकी वर्षं मी त्यांचे निरोप वाहिले, आणि बोलायला लागले तर हे बोलले.

काही महिन्यांनी समितीचा अहवाल आला. आमच्या गल्लीची विक्री वगळावी, एकाच घरच्या माणसांनी एकमेकांवर चढवलेला भाव यापुढे धरू नये, आणि एका विक्रीवरून अख्ख्या गल्लीचं मोल ठरवणं बंद करावं, असं त्यात होतं. शेवटच्या मुद्द्यावर सरकार विचार करतंय म्हणे, करू दे. पहिल्यावर मात्र लगेच अंमल झाला. नवं बिल आलं, माझा जीव भांड्यात पडला. बेकरीवाल्यानं पाव देताना हिशेबात न धरता वर एक गोड पाव ठेवला.

दादालाही त्याच्या घराच्या नव्या सरकारी मोलाचा कागद आला. तो घेऊन रविवारी माझ्या कारखान्यात आला. बारक्या तिथेच एका जुन्या आरामखुर्चीचं कापड उसवत बसला होता, हल्ली रविवारी येतो तो. दादाचा चेहरा उतरलेला. म्हटलं, काय झालं, कमीच झालंय ना? तेच तर, म्हणाला. हा माणूस मूल्यांकन खात्याकडे हरकत घ्यायला निघाला होता. गल्लीत सगळ्यांनी मोल जास्त म्हणून हरकत घेतली, हा कमी म्हणून घेणार. अर्ज भरून आणला होता, नुसती सही बाकी.

"एवढंसं?" तो कागद दाखवत म्हणाला. "त्या जोडप्यानं हात खाली केला तेवढंच? आईचं घर तेवढंच?"

मी तेव्हा खुर्चीच्या हाताला कापड मारत होते, तोंड खिळ्यांनी भरलेलं. नाहीतर मी त्याला असलं काही सुनावलं असतं की बोलायची सोय नाही.

बारक्या उसवता उसवता थांबला. मान वर न करता म्हणाला, "सरकारला कशाला सांगतोस दादा? मला माहितीये ना."

 दादानं अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि खुर्चीचं दुसरं टोक धरायला खाली बसला.

माझ्या तोंडात खिळे होते, ते बरंच झालं.